यंत्राच्या पोटातील बाराखडी

10 सप्टेंबर 1935 रोजी म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राला नाव मिळाले 'आकाशवाणी'. पुढे अवघ्या देशाच्या नभोवाणीने ते नाव आपले केले, ही गोष्ट बहुतेक श्रोत्यांच्या कानावर असेल. बोललेला शब्द यंत्राच्या हवाली करण्याचा हा उद्योग म्हैसूरने असा फार पूर्वीच करून पाहिला होता. लिहिलेला शब्द यंत्राच्या हवाली करण्याचा, आणि यंत्र बदलल्यावर तो सहीसलामत परत मिळविण्याचा उद्योग मात्र पुष्कळ अलीकडचा; आणि त्याची हकीकत त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक आहे. मराठीचा या हकीकतीशी जवळचा संबंध आहे.

17 जुलै 1969 रोजी केंद्र सरकारने म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन केले. मानसगंगोत्रीच्या परिसरात उभ्या असलेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. देवीप्रसन्न पट्टनायक हे होते. भाषा शिकविणे, अल्पपरिचित बोलींची व्याकरणे तयार करणे, ध्वनिमुद्रणे जमविणे अशी कामे तेथे चालत. पुढे संगणक आला आणि भाषाभ्यासकांच्या हाती एक नवे साधन पडले. एखाद्या भाषेतील लाखो शब्दांचा चालू मजकूर, म्हणजे कथा-कादंबऱ्या, वृत्तलेख, शास्त्रीय पुस्तके, सरकारी अहवाल यांतून वेचलेले उतारे, एकत्र करून संगणकात भरला, तर त्या भाषेचा खरा व्यवहार मोजून पाहता येतो. 'कडे' हा शब्द कोणत्या नामांमागे अधिक लागतो, 'करावयास' मागे पडून 'करायला' केव्हा पुढे आले, कोणते शब्द कोशात आहेत पण व्यवहारात नाहीत, हे मग अंदाजाने सांगावे लागत नाही. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात; मराठीत पाठसंग्रह म्हणता येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 साली छापलेल्या मजकुरातून 10 लाख शब्दांचा असा एक संग्रह केला होता. पण तो भारतीय इंग्रजीचा होता. कोल्हापुरात बसून इंग्रजीचे शब्द मोजता आले आणि मराठीचे आले नाहीत, याचे कारण आस्थेचा अभाव असे कोणी समजू नये. मराठीची अक्षरे यंत्राच्या पोटात जाण्याची वाटच अजून पुरती तयार झाली नव्हती.

यंत्र आणि देवनागरी यांचे भांडण जुने आहे. छापखान्यातील जुळाऱ्याला मराठीसाठी कित्येक शे खिळे हाताशी लागत. इंग्रजीच्या जुळाऱ्याचे त्याहून पुष्कळ कमी खिळ्यांवर भागे. टंकलेखन यंत्र आले तेव्हा सारी बाराखडी आणि जोडाक्षरे चाळीस-पंचेचाळीस कळांवर बसवावी लागली. त्यासाठी 'ण', 'श', 'ध' यांसारख्या अक्षरांचे अर्धे तुकडे एका कळीवर ठेवून त्यांना पूर्ण करणारी उभी रेघ दुसऱ्या कळीवर ठेवण्यात आली. एवढ्यानेही भागेना, तेव्हा लिपीच वाकवावी असा विचार पुढे आला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली 'अि, अी, अु' ही बाराखडी जुन्या नियतकालिकांतून अनेकांनी वाचली असेल. 1953 साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे आणावी असे सुचविले. काही वर्षांतच ही सूचना मागे घ्यावी लागली. लोकांच्या डोळ्यांची सवय यंत्राच्या सोयीपुढे नमली नाही. यात लोकांचा हट्ट होता असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते; आज मागे वळून पाहता, लोकांनी थोडी वाट पाहिली हे बरेच झाले असे म्हणावे लागते.

कारण पुढच्या पिढीच्या तंत्रज्ञांनी प्रश्न उलटा धरला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 1970 नंतरच्या दशकात भारतीय लिपींच्या कळफलकावर आणि संकेतांवर काम सुरू झाले. तेथील संशोधकांच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की, देवनागरी, कन्नड, बंगाली, तमिळ या लिपी दिसण्यात कितीही वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे. मग संगणकाने आकार साठवावेत कशाला? त्याने वर्ण साठवावेत. 'क्ति' हे जोडाक्षर संगणकाच्या स्मृतीत क, हलन्त, त आणि ऱ्हस्व इकार अशा उच्चाराच्या क्रमाने असावे, आणि पडद्यावर उमटताना वेलांटी डावीकडे नेण्याचे, क अर्धा करण्याचे काम यंत्राने करावे. लखनौच्या परिषदेला जे काम लिहिणाऱ्यावर सोपवावेसे वाटले होते, ते आता यंत्रावर सोपविण्यात आले.

या विचारातून सिद्ध झालेल्या संकेतावलीला 'इस्की' असे नाव पडले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 1983 साली तिचे पहिले रूप ठरविले, 1988 साली त्यात सुधारणा झाली आणि 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ती आय. एस. 13194 या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. एका बाइटमध्ये 256 संकेत मावतात. त्यांतील पहिला अर्धा भाग इंग्रजी अक्षरांसाठी तसाच ठेवून दुसऱ्या अर्ध्यात भारतीय वर्णमाला बसविण्यात आली. 'क'चा संकेत 179. मग ती अक्षरे मराठीची असोत की कन्नडची. लिपी कोणती ते सांगणारी खूण तेवढी वेगळी द्यावयाची. शाळेच्या पाटीवर शेवटी येणारा 'ळ' येथे 'ल'च्या शेजारी आहे, आणि 'क्ष' व 'ज्ञ' यांना स्वतंत्र घर नसून ते 'क' आणि 'ज' यांच्याकडे बिऱ्हाडाला आहेत. मराठी माणसाला हे थोडे खटकेल. पण सगळ्या भाषांचा एकत्र संसार मांडावयाचा म्हटल्यावर एवढी तडजोड आलीच.

संकेत ठरले तरी ते पडद्यावर उमटवावयाचे कसे, हा प्रश्न राहिला. 1981 साली आय. बी. एम. कंपनीने आणलेला वैयक्तिक संगणक आणि त्यावरची डॉस ही कार्यप्रणाली इंग्रजीपुरतीच विचार करणारी होती. पडद्यावर 25 ओळी, ओळीत 80 घरे, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. कार्यक्रमाने एक बाइट पाठवावयाचा आणि पडदा सांभाळणाऱ्या कार्डाने त्या क्रमांकाचे ठरीव चित्र त्या घरात काढावयाचे. या व्यवस्थेत वेलांटी मागे सरकविणार कोण?

येथे 'जिस्ट' कार्ड आले. कानपूरला वाढलेले हे तंत्र, त्यामागचे प्रमुख अभियंते मोहन तांबे यांच्यासह, 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे, म्हणजे सी-डॅककडे आले. संगणकाची पेटी उघडून आतील खाचेत हे कार्ड बसवीत. कार्यक्रमाकडून येणारे बाइट ते मध्येच अडवी, त्यांतून अक्षरे जुळवी आणि पडद्यावर शुद्ध देवनागरी काढी. गंमत अशी की कार्यक्रमाला याचा पत्ताही नसे. वर्डस्टार किंवा डीबेस यांसारखे अमेरिकेत तयार झालेले कार्यक्रम आपण इंग्रजीच हाताळीत आहोत अशा समजुतीने मराठी नावांच्या याद्या लावीत बसत. संकेत वर्णमालेच्या क्रमाने असल्यामुळे याद्याही बऱ्याच अंशी अकारविल्हे लागत. लिपी बदलण्याचा आदेश दिला की तीच यादी कन्नडमध्ये दिसे. जुन्या यंत्राच्या आणि परक्या कार्यप्रणालीच्या अंगावर मराठी चढविण्याची ही युक्ती साधी होती, आणि तितकीच चतुर होती.

याच साधनाच्या बळावर 1991 साली भारतीय भाषांच्या पाठसंग्रहाचे मोठे काम हाती घेण्यात आले. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ते निरनिराळ्या संस्थांना वाटून दिले. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मलयाळम या चार दक्षिणी भाषा म्हैसूरच्या संस्थानाकडे आल्या; मराठी आणि गुजराती पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेल्या. 1981 ते 1990 या दशकातील छापील मजकुरातून प्रत्येक भाषेचे सुमारे 30 लाख शब्द वेचावेत असे ठरले. जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकांवर हा मजकूर पुस्तके समोर ठेवून हाताने, अक्षर अक्षर करून, भरण्यात आला. छापील पानावरून मजकूर आपोआप उचलणारी साधने त्या वेळी आपल्या लिपींसाठी नव्हती. म्हणून या कामात टंकलेखकांचे किती तास खर्ची पडले असतील याची कल्पना करावी. पुढे हे सारे संग्रह म्हैसूरच्या संस्थानात एकत्र आले, आणि पुण्यात भरलेली मराठी म्हैसूरच्या कोठारात जमा झाली.

आणि नेमक्या याच सुमारास पायाखालची जमीन सरकू लागली. 1990 साली विंडोजची तिसरी आवृत्ती निघाली, 1995 साली विंडोज 95 आली, आणि डॉसचा काळा पडदा कचेऱ्यांतून पाहता पाहता नाहीसा झाला. नव्या कार्यप्रणालीत पडद्यावर घरे नव्हती. सारा पडदा हेच एक चित्र, आणि ते काढणार कार्यप्रणाली स्वतः. अक्षराचे बाइट आता कार्डाच्या वाटेने जातच नव्हते. ज्याने वाटेवर उभे राहून काम करावयाचे, त्याची वाटच बंद झाली. जिस्ट कार्ड खाचेत होते तसेच राहिले, पण नव्या कार्यप्रणालीच्या राज्यात ते मुके झाले. पुढे तर ती खाचच संगणकांतून गेली. जुन्या पद्धतीच्या आय. एस. ए. जोडणीच्या खाचा विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या यंत्रांतून कमी होत गेल्या, तेव्हा कार्ड जपून ठेवणाऱ्यालाही ते लावावे कोठे हा प्रश्न पडला.

अशा वेळी कचेऱ्या काय करतात हे सर्वांच्या परिचयाचे आहे. एक जुना संगणक कोपऱ्यात झाकून ठेवावयाचा आणि जुने कागद लागले की त्याचे आवरण काढावयाचे. एके दिवशी तो सुरू होत नाही, आणि मग त्या कागदांची आठवणही पुसट होत जाते. कागदाला वाळवी लागते ती दिसते तरी. ही वाळवी दिसत नाही. फाइल जागच्या जागी असते, तिचा आकार तेवढाच असतो, एकही बाइट हललेला नसतो. फक्त ती वाचणारे कोणी उरलेले नसते.

विंडोजवर मराठी दिसावी म्हणून दरम्यान दुसरा तोडगा निघाला होता. तो फॉन्टचा. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले. काम झटपट झाले, छपाई सुबक झाली, वर्तमानपत्रे आणि मासिके त्यावर निघू लागली. त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु येथे संगणक पुन्हा वर्ण सोडून आकार साठवू लागला. अर्धा 'ण' एका संकेताने आणि त्याची उभी रेघ दुसऱ्याने, अशी ती टंकलेखन यंत्राचीच जुनी रीत होती. शिवाय प्रत्येक उत्पादकाने तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी पुढे येई. कानपूरच्या मंडळींनी जो विचार टाकून दिला होता तो मागील दाराने परत आला आणि चांगली पंधरा वर्षे ठाण मांडून बसला.

जगाच्या पाठीवर याच काळात आणखी एक घडामोड चालली होती. सर्व लिपींना मिळून एकच संकेतावली असावी या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. इस्कीचे मानक, पाठसंग्रहाची योजना आणि युनिकोड या तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी करताना इस्कीच्या 1988 च्या रूपाचाच आधार घेतला. मात्र प्रत्येक लिपीला 128 जागांचा स्वतंत्र वाडा दिला. 179 हा सर्वांचा सामाईक 'क' होता. युनिकोडमध्ये देवनागरी 'क'चा क्रमांक 2325 झाला आणि कन्नड 'क'चा वेगळा. संकेत ठरला 1991 साली, पण सर्वसामान्य संगणकावर मराठी त्या संकेतानुसार दिसू लागली ती फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 आल्यावर. कन्नडला तर 2001 च्या विंडोज एक्स. पी. पर्यंत थांबावे लागले. म्हणजे ज्या शहरात हे कोठार होते त्या शहराची भाषा मराठीच्याही मागून आली.

आता जुन्या फाइली नव्या संकेतात आणावयाच्या. वरवर पाहता हे काम कारकुनी वाटते: 179 दिसला की 2325 लिहावे, 164 दिसला की 'अ'चा 2309. प्रत्यक्षात अडचणी कोपऱ्याकोपऱ्यांत दबा धरून बसलेल्या असतात. इस्कीत जागा थोड्या, म्हणून काही चिन्हे दोन संकेत जोडून केलेली होती. चंद्रबिंदूपुढे नुक्ता आला की 'ॐ' समजावयाचा. दंडापुढे नुक्ता आला की अवग्रह. ज्याने नुसती कोष्टके जुळवली त्याच्या हाती ओंकाराऐवजी एक चंद्रबिंदू आणि खाली लोंबणारा ठिपका येणार. दोन हलन्त लागोपाठ आले तर जोडाक्षर करू नये, पाय मोडलेलेच अक्षर दाखवावे असा इस्कीचा संकेत होता; युनिकोडमध्ये त्यासाठी न दिसणारे एक वेगळे चिन्ह घालावे लागते.

मराठीची खरी कसोटी मात्र एका लहानशा रेघेत होती. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दक्षिणा द्यावयाची, 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचे सांगावयाचे. एका 'र'च्या रूपावर केवढा अर्थ अवलंबून आहे! हिंदीला या आडव्या 'र'ची गरज नाही, त्यामुळे हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या कोणत्याही साधनात तो पहिल्याने गळतो. इस्कीने त्याची सोय मोठ्या कौशल्याने केली होती. तमिळ, मलयाळम आणि जुनी कन्नड यांत 'र'हून निराळा असा एक कठोर 'ऱ' आहे. त्याला इस्कीत 208 हा संकेत होता. देवनागरीत तो एरवी रिकामाच पडून असावयाचा. मराठीने त्याला हलन्त जोडून आपला आडवा 'र' मिळविला. हळेकन्नडातून नाहीसे झालेले एक अक्षर अशा रीतीने मराठीच्या 'दऱ्या'त येऊन बसले. युनिकोडने ही रीत मान्य केली; पण साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तेच रूप मिळविण्याची दुसरी वाटही ठेवली. दिसावयास दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडत नाही.

'ॲ' या अक्षराचीही अशीच परवड झाली. 'ॲसिड', 'ॲडव्होकेट' हे शब्द मराठीत 'अ'वर चंद्र देऊन लिहितात, हिंदीत 'ए'वर. इस्कीने हिंदी रूपालाच जागा दिली आणि युनिकोडने तीच पुढे चालविली. मराठी 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळावयास 2008 साल उजाडावे लागले. त्याआधी भरलेल्या मजकुरात हा स्वर कोणत्या वेषात असेल ते प्रत्येक ठिकाणी तपासूनच घ्यावे लागते.

फॉन्टमध्ये अडकलेल्या मजकुराची सुटका याहून कठीण. 'वर्षा' हा शब्द तेथे दिसतो तसा साठविलेला: आधी व, मग ष, मग काना आणि अखेरीस रफार. उच्चाराच्या क्रमात आणावयाचा तर रफार उचलून काना आणि 'ष' ओलांडून मागे न्यावा लागतो. उभी रेघ दिसली की ती 'ण'चे अंग आहे की पुढचा काना, हे शेजार पाहून ठरवावे लागते. या प्रश्नांची पद्धतशीर उकल करण्याच्या कामात इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. 2000 ते 2003 या काळात तेथे एमिली या नावाने एक प्रकल्प चालला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या भाषांसाठी संगणकीय साधने तयार करणे हा त्याचा मूळ हेतू. तेथील अँड्र्यू हार्डी यांनी निरनिराळ्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने रचली. हा प्रकल्प आणि म्हैसूरचे संस्थान यांनी हातमिळवणी केली, आणि 14 भाषांचा एकत्रित संग्रह सर्वस्वी युनिकोडमध्ये सिद्ध झाला. त्यात मराठीचे सुमारे 22 लाख शब्द आहेत. पंजाबी आणि तमिळ यांचे याहून कितीतरी पट अधिक आहेत, ही गोष्टही नोंदवून ठेवली पाहिजे.

या साऱ्या खटाटोपात इस्कीतील मजकूर तुलनेने सुखाने नव्या घरी आला आणि फॉन्टमधला मजकूर रडतखडत आला, याचे कारण उघड आहे. पहिल्यात भाषा साठविली होती, दुसऱ्यात तिचे चित्र. कार्ड निकामी झाले, खाच गेली, डॉस गेले. पण 179 म्हणजे 'क' हा करार कागदावर छापलेला होता, तो कोणालाही वाचता येत होता. फॉन्टांचे करार मात्र ज्याचे त्याच्या कपाटात. एखादा उत्पादक धंदा बंद करून गेला की त्याच्या अक्षरांची किल्लीही त्याच्याबरोबर गेली. कार्ड तयार करणाऱ्यांना आपले यंत्र इतक्या लवकर कालबाह्य होईल असे वाटले नसेलही. त्यांनी संकेत सार्वजनिक ठेवला, एवढ्याने त्यांच्या कामाचा अर्धा अधिक भाग वाचला.

2007-08 पासून म्हैसूरच्या संस्थानात भारतीय भाषांच्या भाषिक सामग्रीसाठी एक स्वतंत्र योजना सुरू झाली. मराठीसह अनेक भाषांचे लिखित आणि ध्वनिमुद्रित नमुने तिच्याद्वारे जमविण्यात आले, आणि ते आरंभापासूनच युनिकोडमध्ये घेण्यात आले. डेक्कन कॉलेजात 1981 ते 1990 च्या पुस्तकांवरून भरलेला मजकूर आता या नव्या सामग्रीशेजारी ठेवून वाचता येतो. 2014 साली युनिकोडमध्ये मोडी लिपीलाही जागा मिळाली. पेशवे दप्तरातील रुमालांना जिस्ट कार्डाची वाट कधी मिळालीच नव्हती. त्यांच्यासाठी रूपांतराची कोष्टके नाहीत, आणि ते अजूनही डोळ्यांनीच वाचून, ओळीमागून ओळ, उतरून घ्यावे लागत आहेत.